एकही चूक नसलेला दिवस

"वर जायचंय, मग खालचं बटण का दाबलंत?"

आवाज मागून आला. मी वळून पाहिलं. हातात छोटी वही, बोटांत पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू याला रस्त्यात काहीतरी सापडलंय.

"काय म्हणालात?"

"लिफ्टचं बटण. तुम्ही बघताय वर, पण दाबलंत खालचं."

दहाला दहा मिनिटं कमी होती. आमच्या इमारतीत लिफ्ट बसून चौथाच दिवस होता, आणि सकाळी सकाळी अनोळखी माणसाला तोंडी परीक्षा द्यायची माझी तयारी नव्हती.

"लिफ्ट कुठे आहे?" मी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर."

"आणि मी?"

"खाली."

"मग तिला खाली यायला नको? म्हणून खालचं दाबलं. वर कुठे जायचंय ते आत गेल्यावर सांगेन की! दारातूनच सगळं कशाला सांगायचं?"

त्याने वहीचं कोरं पान उघडलं आणि हळूच म्हणाला, "हे... हे मी लिहून घेऊ का?"

लिफ्ट आली आणि आम्हा दोघांना घेऊन थेट तळघरात गेली. दार उघडलं तेव्हा समोर गोदामातला हमाल दोऱ्यांची खोकी घेऊन उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे. दार पुन्हा मिटलं. माझे कान लालबुंद झाले होते. शेजारचा मात्र शांतपणे लिहीत होता.

"हसा की," मी म्हटलं. "पोटात ठेवू नका."

"कशाला हसू? तुमचं काय चुकलं? ज्याने बटण केलं त्याचं चुकलं. त्याने तुम्हाला विचारलंच नाही."

लिफ्ट वर निघाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला. माझ्या बाबतीत आजवर कोणी असं बोललं नव्हतं. घरी, शाळेत, ऑफिसात, कुठेही काही बिघडलं की आधी माझ्याकडे बघायची सगळ्यांना सवय. आणि हा कोण कुठला माणूस, पायांत एक हिरवा आणि एक तपकिरी मोजा घातलेला, म्हणतो की चूक बटणाची आहे.

तिसऱ्या मजल्यावर मी उतरले. तोही उतरला.

*

आमची कंपनी शिलाईचा दोरा विकायची. गावोगावचे दुकानदार पत्राला कापडाचा छोटासा तुकडा टाचून पाठवत, आणि त्या रंगाचा दोरा शोधून देणं हे माझं काम. शेडकार्डावर चारशे बारा रंग होते. तुकडा खिडकीपाशी नेला, दोन बोटांत धरला, की मला नंबर दिसायचा. दोनशे सोळा. तीनशे चार. यात माझी चूक होत नसे, हे मी गर्वाने नाही सांगत. मला तेवढंच येत होतं.

मग टेबलांवर कॉम्प्युटर आले. सहा टेबलं, सहा मशीनं, आणि आम्ही सहाजणं त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेलो. नंबर डोक्यात तयार असायचा, पण तो आत घालायचा कसा? एक कळ दाबली की भलतंच पान उघडायचं. एकदा मी एका दुकानदाराला सहा रिळांऐवजी सहाशे रिळं पाठवली होती. त्याने उत्तरात लिहिलं होतं, "आमच्या गावात एवढे लोक नाहीत."

यावर उपाय म्हणून त्या लिफ्टवाल्या माणसाला बोलावलं होतं. हेडक्लार्कसाहेबांनी आम्हाला उभं करून त्याची ओळख करून दिली. हे गृहस्थ मशीनमध्ये एक मदतनीस बसवणार. आपण काम करत असताना तो मदतनीस बघत राहील आणि अडलो की सांगेल. दर सोमवारी आणि गुरुवारी अकरा वाजता हे येतील. मग साहेबांनी एक सूचना वाचायला घेतली. साहेबांचा वाचतानाचा आवाज असा, की पंख्याचाच एखादा भाग वाटावा. सूचना लांब होती. तिच्यात तीन महिने होते, टक्के होते, शाखा होत्या...

मी मोज्यांकडे बघत होते. एक हिरवा, एक तपकिरी. शेड एकशे नव्वद आणि शेड तीनशे एकतीस. याला कोणी घरी सांगत नाही का?

सूचना वाचून झाली आणि ती फळ्यावर, रजेच्या यादीखाली टाचली गेली. तिथे ती तीन महिने होती. मी रोज तिच्यावरून जायचे. एकदासुद्धा थांबून वाचली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

*

तो माझ्या मागे, जरा डावीकडे, एका लाकडी स्टुलावर बसायचा.

"शेजारी बसा ना," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "मागे कोणी बसलं की पाठीला डोळे फुटल्यासारखं वाटतं."

"शेजारी बसलो तर तुम्ही मला विचाराल. मला विचारलंत, तर तुम्ही कुठे अडता ते मला कळणार नाही. तुम्ही चुका. बिनधास्त चुका. तुम्ही जितकं चुकाल तेवढं मला काम."

असं आमंत्रण कधी मिळालं होतं मला! मी मनापासून चुकले. आणि तो प्रत्येक चुकीखाली वहीत एकाच साच्यातली ओळ लिहायचा. जर असं झालं, तर असं सांग. जर तीन वेळा तीच कळ दाबली, तर थांबव. जर शेड चारशे बाराच्या वर, तर विचार. वहीभर नुसते 'जर' आणि 'तर'. मी त्याचं नाव जरतर ठेवलं. आधी मनात, मग तोंडावर.

महिन्याभराने मदतनीस तयार झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटं रीळ, त्याला दोन डोळे. मी मुद्दाम पाचशे नंबर टाकला. रीळ टुणकन उडी मारून पुढे आलं आणि त्याच्या शेजारी अक्षरं उमटली: 'अवैध नोंद.'

"अवैध?" मी मागे वळले. "मी काय चोरी केलीये?"

"म्हणजे... चुकीची नोंद, असं."

"माणसांशी असं बोलतात का? तुमच्या आईने कधी म्हटलंय, पोळी अवैध आहे म्हणून?"

तो पहिल्यांदा हसला. त्याचं हसू डावीकडून सुरू व्हायचं आणि उजवीकडे पोहोचेपर्यंत संपून जायचं. "मग तुम्ही सांगा. काय म्हणायचं?"

"म्हणावं, एवढे रंग आपल्याकडे नाहीत हो. पुन्हा एकदा बघता का?"

त्याने लिहून घेतलं. तिथून पुढे नियम त्याचे आणि तोंड माझं, अशी वाटणी झाली. तीन वेळा कळ दाबली, की रीळ म्हणायचं: 'कळ अडकलीये की तुम्ही?' सहाशे रिळं घातली, की विचारायचं: 'लग्न आहे का कोणाचं?' आणि संध्याकाळी शेवटची ऑर्डर झाली, की 'आजचं झालं. या आता.' न विचारता मध्ये तोंड घालतो म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्या रिळाला आगाऊ म्हणायला सुरुवात केली.

"प्रत्येक प्रश्नाला हो आणि नाही, अशी दोनच उत्तरं ठेवलीत," एकदा मी म्हटलं. "एवढ्याने भागत नाही."

"तिसरं काय असतं?"

"'विचार करून सांगते.' बहुतेक आयुष्य तिथेच जातं माणसाचं."

पेन्सिल थांबली. "तुमचंही?"

"तुम्ही आपलं लिहा."

पलीकडच्या टेबलावर टायपिस्टबाई होत्या. तीस वर्षं टाइपरायटरवर गेलेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली बाई. सगळं ऐकायच्या, बघायच्या मात्र आपल्या कागदाकडे. तो गेल्यावर म्हणाल्या, "आमच्या वेळी पुरुष चिठ्ठी तरी द्यायचे. हा वहीत भरून घरी घेऊन जातो."

"काहीतरीच, बाई!"

"कान बघ आपले," त्या म्हणाल्या.

*

एका गुरुवारी पाऊस लागून राहिला होता आणि वीज गेली. आमच्याकडे पावसात खिडक्या लावून घ्यायचा नियमच होता, कारण दमट हवेत दोरा खराब होतो. बंद खोलीत मेणाचा आणि कांजीचा वास, सहा काळे स्क्रीन, आणि काचेवर पाण्याच्या वाकड्या रेघा. बाकीची मंडळी चहाला खाली गेली. तो मागच्या स्टुलावरच बसून राहिला. मीही उठले नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं. "मोजे असे का घालता?"

"कसे?"

"एक हिरवा, एक तपकिरी."

"मला दोन्ही सारखेच दिसतात. लहानपणापासून. कोणी सांगितलं तर कळतं."

दोऱ्याच्या कंपनीत, चारशे बारा रंगांमध्ये, रंग न दिसणारा माणूस! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी शेडकार्ड उघडलं आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

"बोट ठेवा. हा हिरवा. डोळे मिटा... सावलीत ठेवलेलं पाण्याचं भांडं असतं ना, हाताला गार लागतं? हा तसा आहे."

"आणि तपकिरी?"

"दुपारभर उन्हात तापलेली दाराची कडी."

तो डोळे मिटूनच बसला होता. "आणि तुमच्या अंगावर आज जो आहे, तो?"

"तो कार्डात नाही," मी म्हटलं. खरं तर तो दोनशे सोळा होता. पण काही गोष्टी नंबराशिवाय सांगाव्यात.

त्याने डोळे उघडले. आम्ही एवढ्या जवळून एकमेकांकडे पाहिलं नव्हतं, कारण तो नेहमी मागे असायचा. पाऊस काचेवर टकटक करत होता. तो काहीतरी बोलणार होता, मला दिसत होतं ते... आणि तेवढ्यात वीज आली. सहा मशीनं एकदम गुणगुणली आणि कोपऱ्यातून आगाऊ म्हणाला: 'मध्येच कुठे गेला होतात?'

"घरी जाऊन कोणाला तरी विचारा आणि हिरव्या मोज्यांच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घाला," मी स्क्रीनकडे तोंड करून म्हटलं. "जर टाका लागला, तर हिरवा."

सोमवारी आल्या आल्या त्याने काही न बोलता पँट दोन बोटं वर उचलून दाखवली. दोन्ही हिरवे.

*

पण आगाऊ हुशार होत चालला होता आणि मीही. दुसरा महिना संपता संपता माझ्या हातून चुका होईनाशा झाल्या. एका सोमवारी तो अकरापासून साडेबारापर्यंत मागे बसला आणि वहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही.

"झालं की मग," तो म्हणाला. "आता तुमच्या टेबलाशी बसून मी काय करू?"

"आणि चुका सगळ्याच संपल्या, की?"

"की मी संपलो." हे त्याने हसत म्हटलं. डावीकडून उजवीकडे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर शोभेल, पण मी छान झोपले. कारण झोपायच्या आधीच माझं ठरलं होतं. गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना मी नवीच चूक शोधून काढली: ऑर्डर अर्धी लिहून दुसऱ्याच दुकानदाराचं पान उघडलं. आगाऊ गोंधळला. तो आला, वाकून बघितलं, त्याचे डोळे चमकले. "हे कसं केलंत? हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!" आणि स्टूल ओढून बसला.

मग काय, मला नादच लागला. सोमवारसाठी चार-पाच, गुरुवारसाठी पाच-सहा. मी घरून ठरवून यायचे. आई म्हणायची, "बाकीचे दिवस हातरुमालाएवढा आरसा पुरतो. सोमवार-गुरुवार मात्र कपाटाचा लागतो. कोण आहे गं?"

"कोण असणार? मशीन आहे."

"मशीनला डोळे कधीपासून आले?"

"आलेत," मी म्हटलं. "दोन आहेत, रिळावर."

आई फक्त म्हणाली, "सांगायचं असेल ते वेळेवर सांगावं, बाई. मनातल्या मनात बोललेलं कोणाला ऐकू येत नाही."

टायपिस्टबाईंनी तर सरळच पकडलं. "काय गं पोरी, तुझी बोटं सोमवारी आणि गुरुवारीच कशी घसरतात? मंगळवारी तर घोड्यासारखी पळतात."

"बाई, हळू..."

"मी हळूच बोलतेय. ते कोपऱ्यातलं रीळ मोजतंय, त्याला सांग हळू."

मोजतंय. हा शब्द माझ्या कानावरून गेला. मी थांबले असते, तर...

एका दुपारी मी त्याला छेडलं. "सगळ्या जगाला जर-तर लावता. माणसांशी बोलायला नाही का केला एखादा नियम? तुम्हाला तर दोन वाक्यं नीट बोलवत नाहीत."

"केलाय एक."

"अच्छा! मग वापरत का नाही?"

"अट पूर्ण व्हायला हवी ना. अजून झाली नाही."

"कसली अट?"

"ती सांगायची नसते." त्याने वही मिटली. "सांगितली तर तुम्ही मुद्दाम कराल. मग तिला अर्थ राहत नाही."

मी दिवसभर अंदाज बांधत राहिले. मी काही विचारावं अशी अट असेल? मी हसावं अशी? मी विचारलंही, हसलेही. काही झालं नाही. आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी नेमाने, अकराला पाच कमी असताना, चुकले.

*

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तो आला तेव्हा हातात वही नव्हती. हेडक्लार्कसाहेबांच्या खोलीत अर्धा तास बसला, मग बाहेर येऊन माझ्या मागच्या स्टुलावर. मी नेहमीप्रमाणे एक चूक केली. मागून काही हालचाल झाली नाही.

"आज नको," तो म्हणाला. "आजची मोजली जाणार नाही. काल रात्री हिशेब गेला."

"कसला हिशेब?"

त्याने फळ्याकडे पाहिलं. मी उठले, आणि रजेच्या यादीखालची ती सूचना तीन महिन्यांत पहिल्यांदा वाचली. पहिल्या महिन्यात सहा टेबलांवर मिळून जितक्या चुका होतील, तिसऱ्या महिन्यात त्याच्या निम्म्या किंवा कमी झाल्या, तर मदतनीस सर्व शाखांत बसवला जाईल आणि तो तयार करणारे गृहस्थ वर्षभर इथेच राहतील. तसं न झाल्यास मदतनीस काढून टाकण्यात येईल.

शेवटी साहेबांच्या हाताने, ताज्या शाईत: पहिला महिना ३८०. तिसरा महिना २०३.

तेरा जास्त. फक्त तेरा.

आणि माझ्या? मी मनात बोटं मोजली. दोन्ही हातांची संपली, पुन्हा मोजली, पुन्हा संपली. तीसच्या वर होत्या. मी त्याला थांबवायला म्हणून केलेल्या, एकेक निवडून, घरून ठरवून आणलेल्या.

मी परत येऊन बसले. वळून बघायचा धीर झाला नाही.

"तुमच्या चुका फक्त सोमवारी आणि गुरुवारी होतात," तो मागून म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "अकराच्या आधी पाच मिनिटं सुरू होतात. मी गेलो की थांबतात. मला पंधरा दिवसांपूर्वीच दिसलं."

"मग साहेबांना सांगायचं होतंत! माझ्या वगळून मोजा म्हणून..."

"आणि काय सांगू? ही बाई मुद्दाम चुकते? तुमची नोकरी गेली असती."

"मला तरी बोलायचं होतंत."

"बघणाऱ्याने बोलायचं नसतं," तो म्हणाला. आणि मग, "का केलंत?"

का केलंत. दोन शब्द. आणि उत्तर तर मी दोन महिने तोंडात धरून होते. पण माझ्या डोळ्यांसमोर तो २०३चा आकडा नाचत होता, पलीकडे टायपिस्टबाईंचे हात थांबले होते, आणि साहेब खोलीच्या दारात येऊन उभे होते.

"गंमत म्हणून," मी म्हटलं.



"बरं," तो म्हणाला.

स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला. तो साहेबांशी काही बोलला, बाईंना नमस्कार केला, आणि जिन्याने उतरून गेला. लिफ्टने नाही. मी स्क्रीनकडे बघत होते. साध्या साध्या चुकांना टुणकन पुढे येणारा आगाऊ कोपऱ्यात गप्प बसून होता. मी त्या टेबलावर जेवढं चुकले त्यातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यासाठी वहीत नियमच नव्हता.

*

सोमवार आला. अकरा वाजले. कोणी आलं नाही.

चुकायला आता कारण उरलं नव्हतं. मी खाली मान घालून काम केलं. पत्र, तुकडा, खिडकी, नंबर. पत्र, तुकडा, खिडकी, नंबर. दिवसभर आगाऊ एकदाही बोलला नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटची ऑर्डर झाली. 'आजचं झालं. या आता,' असं म्हणेल म्हणून मी पिशवी उचलली.

रीळ पुढे आलं. उडी न मारता, हळूहळू, अगदी मधोमध. आणि अक्षरं उमटली:

'आज एकही चूक नाही. म्हणजे आता तुम्हाला माझी गरज नाही. मी याच दिवसाची वाट बघत होतो. तुम्ही अडलेल्या असताना विचारणं बरं दिसलं नसतं. हे रीळ बोलत नाहीये, मागच्या स्टुलावरचा माणूस बोलतोय. काम काही नसताना आलो, तर चालेल का?'

खाली तीन चौकोन होते. हो. नाही. विचार करून सांगते.

पिशवी कधी खाली पडली, मला कळलं नाही.

तर ही ती अट होती! एक अख्खा दिवस, एकही चूक नसलेला. वहीत एकही ओळ न पडलेल्या त्या सोमवारनंतरच त्याने हा नियम केला असणार. तेव्हापासून मला तो कोणत्याही सोमवारी जमला असता, कोणत्याही गुरुवारी. तो मागे बसलेला असताना, हात लांब केला तर पोहोचेल इतक्या जवळ. मंगळवार-बुधवारी मी नीट काम करायचे, पण तेव्हा हे का नाही आलं? नंतर उमगलं: त्याला स्वतः तिथे असायचं असणार. नियम सोमवार-गुरुवारचाच होता. मी चुकायचे तेही त्याच दोन दिवशी. त्याने माझ्यासाठी सोडलेलं एकच दार, आणि मी दर आठवड्याला दोनदा, वेळ साधून, त्याला आतून कडी घालत होते.

"काय झालं गं?" टायपिस्टबाई आल्या. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "मेला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापत होता. "चिठ्ठी दिली म्हणायची शेवटी."

मी 'हो' दाबलं.

आगाऊ जरा थांबला. मग म्हणाला: 'मग उद्यापासून स्टूल मागे नको. शेजारी ठेवा.'

*

मी शोधलं. नाही असं नाही. साहेबांकडून त्याच्या ऑफिसचा फोन मिळवला. तिकडचा माणूस म्हणाला, त्यांनी काम सोडलं, शुक्रवारीच. जिथे भाड्याने राहत होता ती खोली शोधत गेले. घरमालकीण म्हणाली, एक बॅग घेऊन गेला, कुठे ते सांगितलं नाही. खोली उघडून दाखवली. झाडून स्वच्छ केलेली. खिडकीच्या कट्ट्यावर सुई होती आणि पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ, आमच्याच कंपनीचं. "हे तुमचं का?" तिने विचारलं. मी ते घेऊन आले.

पुढे सगळं यथासांग झालं. लग्न झालं, मुलं झाली, डोळ्यांना चष्मा लागला. चांगला माणूस मिळाला, तक्रार नाही. आता तर फोनसुद्धा मध्येच विचारतो, काही मदत हवी का? घरातले चिडतात, बंद कर म्हणतात. मला नाही चिडता येत. मला वाटतं, हे वाक्य लिहायच्या आधी कोणीतरी कोणाच्या तरी मागे तासन्‌तास बसून राहिलं असेल, आणि ती कशी अडते ते बघत असेल.

पण तेव्हाचं सांगते. साहेबांनी कळवलं होतं की महिनाअखेरीला आगाऊला काढायला माणूस येईल. म्हणजे चार आठवडे. चार सोमवार, चार गुरुवार, आणि त्यातला एक सोमवार तर गेलेला. उरलेल्या सातही दिवशी मी स्टूल शेजारी ठेवलं आणि एकही चूक केली नाही. पाठ दुखली, डोळे चुरचुरले, पण एक कळ वाकडी दाबली नाही. सातही संध्याकाळी, पाच वाजून वीस मिनिटांनी, रीळ हळूहळू पुढे आलं आणि त्याने तेच विचारलं. काम काही नसताना आलो, तर चालेल का? आणि सातही वेळा मी हो म्हटलं. एकदा तर मोठ्याने म्हटलं. टायपिस्टबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायच्या.

मग तो काढणारा माणूस आला. जाडसर, घाईत असलेला, भला. टेबलांवरून एकेक मशीन उरकत माझ्यापाशी पोहोचला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या स्टुलावर हात ठेवला.

"इथे कोणी बसतं का, बाई?"

"बसणार होतं," मी म्हटलं, आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.